विद्यापीठात चाचणी झाली म्हणजे शिफारस झाली, हे कोणी सांगितलं?

मृग जवळ आला की गावच्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरते, वर कृषी विद्यापीठाचा लोगो, खाली गोल शिक्का, अन् सोबत कोणाचं तरी 'अकोल्यानं पास केलं भाऊ'. उघडून पाहावं तर चाचणी अहवाल! पास-नापास काही नाही बाप्पा त्यात. ड्रोन, ओलाव्याचे सेन्सर, फोटोवरून रोग सांगणारे ॲप आल्यापासून तर हा घोळ फारच वाढला.

चाचणी काय ते सगळ्यांना माहीत आहे. कंपनी फी भरते, यंत्र देते, विद्यापीठ मोजते: तासाला किती एकर झालं, डिझेल किती लागलं. घ्या की नका घेऊ हे त्यात नसतेच. अन् मग कंपनी सोयीचं तेवढं एक पान फिरवते.

शिफारशीत प्रश्नच दुसरा असतो: कास्तकार आज जे करून राहिला त्याच्यापेक्षा हे बरं आहे का, अन् परवडते का. म्हणून प्रयोगात शेजारी चालू पद्धतीचा 'चेक' प्लॉट लागतो, अन् साधारण दोन-तीन हंगामांचे आकडे लागतात. ते घेऊन शास्त्रज्ञ आधी आपल्याच विद्यापीठाच्या समितीपुढे जातो, मग जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत. तिथं अकोला, राहुरी, परभणी, दापोली चारही विद्यापीठांचे लोक बसतात, अन् दुसऱ्या विद्यापीठाचा माणूस काही भीड ठेवत नाही, उत्पादनातला फरक खरा की योगायोगाचा, सीडी (फरक खरा मानायला किमान किती अंतर लागते तो आकडा) किती आला, खर्चात मजुरी धरली का, सगळं उकरते. काही प्रस्ताव परत जातात, काहींचे शब्द बदलतात. शेवटी जे वाक्य मंजूर होते त्यात पीक, विभाग, जमीन, मात्रा, वेळ सगळं बांधलेलं असते, अन् आपले लोक नेमकं तेच अर्धं वाचतात! समजा 'विदर्भातील मध्यम ते भारी जमिनीत' असं लिहिलं असेल, तर तुमच्या मुरमाड वावराबद्दल समिती एक शब्द बोललेली नाही.

विद्यापीठ उशीर लावते ही तक्रार ॲपच्या बाबतीत खरी आहे, कारण दोन हंगामांत ॲप अपडेट होऊन जाते अन् समितीनं तपासलेलं व्हर्जन तुमच्या मोबाईलमध्ये नसतेच. तरी मला घाईच्या सर्टिफिकेटपेक्षा उशिराची शिफारस चालते.

बाकी ज्या गोष्टी लोक शिफारस समजतात त्या किरकोळ. बियाण्याची अधिसूचना 1966 च्या कायद्यानं अन् फवाऱ्याच्या औषधाची नोंदणी 1968 च्या कायद्यानं होते, ते केंद्राचं काम, विद्यापीठाचं नाही. केव्हीकेचं, म्हणजे कृषी विज्ञान केंद्राचं, प्रात्यक्षिक बहुतेक आधीच शिफारस झालेल्या गोष्टीचं असते. अन् रोडच्या कडेच्या धुऱ्यावर कंपनीनं ठोकलेली पाटी म्हणजे निव्वळ जाहिरात, तिथं फोटो काढून ग्रुपवर टाकू नका लेकहो.

एजंट आला तर त्याला एवढंच विचारा, शिफारस कोणत्या सालच्या जॉइंट ॲग्रेस्कोची? साल सांगितलं तर केव्हीकेत फोन करून पूर्ण वाक्य मागवता येते. नाहीच सांगितलं तर अहवालाचं पहिलं पान मागा, चाचणीला अर्ज कोणी केला त्याचं नाव तिथंच असते.