बाहेरची लाइन (ऑफिस एक्सचेंजचा अॅनालॉग पोर्ट)

ऑफिसच्या ईपीएबीएक्सला (म्हणजे ऑफिसच्या आतल्या छोट्या टेलिफोन एक्सचेंजला) लावलेल्या साध्या दोन वायरच्या फोनवरून, फॅक्सवरून किंवा कार्ड मशीनवरून शहरात फोन लागावा म्हणून पोर्टची जी सेटिंग करतात तिला मुंबईत ‘बाहेरची लाइन देणं’ म्हणतात. वापर सगळ्यांना माहितीये, शून्य दाबला की टोन बदलतो, पुढे नंबर.

पोर्ट दोन जातींचे. एफएक्सएस पोर्ट टोन देतो, साधारण 48 व्होल्टचं करंट देतो आणि घंटी वाजवतो, म्हणून त्याला फोन लागतो. एफएक्सओ पोर्ट स्वतःच फोनसारखा वागतो, म्हणून त्याला टेलिफोन खात्याची लाइन. घंटीचा व्होल्टेज त्या 48 हून बराच जास्त, क्रोनवर (वायरी दाबून बसवायच्या पट्टीवर) लाइनच्या वायरींची जोडी पंच करताना नेमका त्याच वेळी फोन आला तर बोटाला चांगलाच झटका बसतो. एफएक्स म्हणजे फॉरेन एक्सचेंज, पण यात परदेशाचा काही संबंध नाही. अंधेरीतल्या ऑफिसला फोर्टच्या एक्सचेंजचा नंबर हवा असेल तर तिथून ओढून आणलेली लाइन ती ‘फॉरेन’, एवढाच मूळ अर्थ. एस म्हणजे स्टेशन, ओ म्हणजे ऑफिस, पण हे नाव पोर्टला काय जोडलंय त्यावरून की पोर्ट कोणासारखा वागतो त्यावरून, यात गोंधळ आहे. अॅस्टरिस्कवाल्या (कॉम्प्युटरलाच एक्सचेंज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कार्डांत एफएक्सओ पोर्टला सेटिंग एफएक्सएस सिग्नलिंगची द्यावी लागते, त्यामुळे नवीन माणूस हमखास उलटं करतो. काय जोडलंय त्यावरून नाव, हीच समजूत जास्त सरळ वाटते आणि कामातही तीच उपयोगी पडते. चुकून एफएक्सएसला बाहेरची लाइन लावली तर दोन्हीकडून करंट येऊन कार्ड जाऊ शकतं.

बाहेरच्या लाइनसाठी ब्रिटन-अमेरिकेत 9, जर्मनीत आणि आपल्याकडे 0. अमेरिकेत सार्वजनिक टेलिफोन नेटवर्कवर 0 ऑपरेटरचा होता म्हणून बाहेरसाठी 9 आला असावा हे पटण्यासारखं आहे. आपल्याकडे बरोब्बर उलटं, 9 दाबला की बहुतेक ठिकाणी रिसेप्शन.

खरी कटकट बारिंगची, म्हणजे कुठल्या एक्सटेंशनवरून कुठले नंबर अडवायचे याचं टेबल भरण्याची. पूर्वी क्लार्कच्या एक्सटेंशनवर एसटीडी बंद करायचं म्हणजे लाइन घेतल्यावर पुढे शून्य आला की कॉल तोडायचा, एवढं टेबल पुरायचं, कारण मुंबईचा मोबाइल शून्याशिवाय लागायचा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावणं सक्तीचं झालं आणि जुन्या टेबलांनी सगळे मोबाइल अडवले. मग 06 ते 09 उघडतात, पण त्यातून नागपूर 0712, अहमदाबाद 079 आणि बेंगळुरू 080 पण सुटतात. आकडे मोजूनही वेगळं करता येत नाही, दोन्हीकडे शून्य धरून अकराच. अख्खं 080 बंद केलं तर 80 ने सुरू होणारे मोबाइल अडकतात. त्यामुळे कोडच्या पुढचे आकडेही बघून टेबल भरावं लागतं, शॉर्टकट नाही.

फॅक्सच्या पोर्टला हॉटलाइन करून उचलल्याबरोबर बाहेरचा टोन देतात, तिथे सवयीने दोन शून्य दाबून 98 ने सुरू होणारा मोबाइल लावला तर एक्सचेंजला तो आयएसडी दिसतो आणि 98 हा इराणचा कोड आहे. म्हणून अशा पोर्टवर 00 बंदच ठेवावं. हॉटलाइन नसेल तर मशीनमध्ये 0 नंतर स्वल्पविराम, म्हणजे थोडा पॉज. जुना मोडेम ऑफिसचा टोन ओळखत नसेल तर एटीएक्स3 कमांड देतात, मग तो टोनची वाट न बघता डायल करतो.

समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते ही दुसरी नेहमीची तक्रार. एक्सचेंजकडून पोलॅरिटी रिव्हर्सल (लाइनच्या दोन वायरींचं प्लस-मायनस उलटणं) मिळत असेल तर (पीसीओचे मीटर त्यावरच चालायचे) उत्तम, नाहीतर बिझी टोन ओळखायची सेटिंग लागते. भारतात तो 400 हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू पाऊण सेकंद बंद. सिस्टिममध्ये दुसऱ्या देशाचा टोन निवडलेला राहिला की लाइन सुटत नाही.

इमर्जन्सी नंबर मात्र शून्याशिवायही लागायलाच हवा. अमेरिकेत 2018 मध्ये यासाठी कायदाच झाला. इथे बऱ्याच ऑफिसांत एक्सटेंशन 101 पासून सुरू करतात, त्यामुळे 112 लावला की कुणाच्या तरी टेबलावर घंटी वाजते. नंबरिंग 201 पासून ठेवावं, 112 ट्रंकवर, म्हणजे बाहेरच्या लाइनवर टाकावा आणि जायच्या आधी रिसेप्शनच्या माणसाला बसवून तो कुठे जातोय ते टेबलात दाखवावं.