पाण्यात भिजलेला कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क वाचवणं

पुराचं, गळक्या छताचं नाहीतर सांडलेल्या चहाचं पाणी कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर जी दुरुस्ती करतात त्यात खरं तर दोन वेगळी कामं असतात, एक मशीन परत चालू करणं आणि दुसरं आतला डेटा बाहेर काढणं. लोक दोन्ही एकत्र धरतात आणि तिथेच घोळ होतो, कारण मशीन दुकानात परत मिळतं, टॅलीमधले हिशोब आणि मुलांचे फोटो नाही मिळत. "चालू होतंय का बघू" म्हणून बटण दाबलं की बऱ्याचदा दोन्ही जातात.

महाराष्ट्रात याची गरज मोठ्या प्रमाणावर पडते ती पुरानंतर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, मग २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. तळमजल्यावरची दुकानं, ऑफिसं, क्लासेस यांचे सीपीयू टेबलाखाली जमिनीवरच ठेवलेले असतात, म्हणजे पाण्याला पहिले तेच सापडतात. त्यात पुराचं पाणी नुसतं पाणी नसतंच, गाळ, गटार, गाड्यांचं ऑइल सगळं त्यात.

शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहून नेत नाही, नेतात ते त्यात विरघळलेले क्षार, म्हणून समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट. बंद असताना भिजलेला बोर्ड (आतलं मुख्य सर्किट, म्हणजे मदरबोर्ड) नीट धुतला तर पुष्कळदा वाचतो. चालू असताना भिजला तर शॉर्ट होतो किंवा करंटमुळे तांब्याच्या बारीक ट्रॅक खाल्ल्या जातात आणि तिथे हिरवट थर चढतो. प्लग काढला तरी बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल ३ व्होल्ट देतच राहतो, त्यामुळे प्लगनंतर लगेच तो काढायचा, लॅपटॉप असेल तर बॅटरीसुद्धा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र उघडायचा नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, तो सरळ नवीनच घ्यावा.

बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने धुतात, मग ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने, आणि नंतर दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवतात. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सगळ्यांना माहीत असतो पण त्याचा उपयोग काही नाही, चिपखालचा ओलावा तांदूळ ओढून घेत नाहीत, क्षार तर तिथेच राहतात, वर पोर्टमध्ये तांदळाची भुकटी जाते ती वेगळीच. हेअर ड्रायरचंही तेच, हवेच्या झोताने पाणी आणखी आत ढकललं जातं.

हार्ड डिस्कचे नियम याच्या उलट आहेत आणि ते पटकन पटत नाहीत. नेहमीची हार्ड डिस्क हवाबंद नसते, तिला हवेचा दाब सारखा ठेवायला फिल्टर लावलेलं एक बारीक भोक असतं आणि पुरात बुडाली की पाणी तिथून आत शिरतं. (हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद असतात, त्यांना हे भोक नसतं.) आत डेटा साठवणाऱ्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि तो वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यापासून फक्त काही नॅनोमीटरवर तरंगतं, म्हणजे वाळलेल्या गाळाचा एक कणही त्याच्यासाठी डोंगर. म्हणून बुडालेली डिस्क वाळवायची नाही, उन्हात तर अजिबात नाही, वाळली की क्षार आणि गाळ तबकडीवर घट्ट बसतात. ओल्या स्पंजसोबत झिपच्या पिशवीत बंद करून ती तशीच डेटा रिकव्हरी लॅबला द्यायची, तिथे धूळमुक्त खोलीत (क्लीनरूममध्ये) तबकड्या साफ करतात, गरज पडली तर हेड बदलतात.

नुसते शिंतोडे उडून खालचा सर्किट बोर्ड भिजला असेल तर काम सोपं असतं, स्क्रू काढून तो आयपीएने पुसायचा. जळला असेल तर मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून त्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावायची पद्धत आहे, पण आजकालच्या डिस्कमध्ये प्रत्येक डिस्कची स्वतःची सेटिंग्ज बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असतात, ती चिप नव्या बोर्डावर हलवल्याशिवाय सहसा जमत नाही. डिस्क एकदा का फिरली की चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवत बसू नये, आधी डीडीरेस्क्यूसारख्या, खराब डिस्कची कॉपी काढणाऱ्या टूलने पूर्ण कॉपी काढायची आणि पुढचं सगळं त्या कॉपीवरच.

डिस्क किती सोसू शकते याचं टोकाचं उदाहरण पाण्याचं नाही, कोलंबिया यानाचं आहे. १ फेब्रुवारी २००३ ला ते तुटलं, कल्पना चावला त्यातच होती. त्यातल्या झेनॉन वायूच्या प्रयोगाची ३४० एमबीची सीगेट डिस्क जळक्या अवस्थेत सापडली. सील वितळून आत धूळ गेली होती, तबकड्यांवर खड्डे पडले होते, तरी जवळजवळ ९९ टक्के डेटा निघाला आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापूनही आले. यात नशीबही होतं, डिस्क साधारण अर्धीच भरलेली होती, आणि तिच्यावरची डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम डेटा इकडेतिकडे विखरून टाकत नसल्यामुळे खड्डे नेमके रिकाम्या भागात पडले.

एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसल्यामुळे ती पाण्याला तितकी घाबरत नाही, साफ करून पूर्ण वाळवली तर बऱ्याचदा चालते. अडचण एन्क्रिप्शनची. विंडोज लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची किल्ली मदरबोर्डच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते, त्यामुळे एसएसडी दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह झालेली असते, तिथे आधी शोधावं. ॲपलच्या हल्लीच्या मॅकबुकमध्ये तर स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं आणि किल्ली प्रोसेसरमध्ये, म्हणजे चिप उपटून काही मिळत नाही. तिथे रिपेअरवाले बोर्ड कायमचा नीट करायच्या भानगडीत न पडता बॅकअप होईपर्यंत तग धरेल इतपतच जिवंत करतात.