हळदीचा ठिपका, साबण आणि चेहऱ्याची आम्लता

चिमूटभर हळद पाण्यात कालवून तिचा ठिपका पांढऱ्या कापडावर द्यावा आणि त्यावर अंघोळीच्या साबणाचा ओला फेस लावावा. पिवळा ठिपका बघता बघता तांबूस होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यामागचे रसायनही हेच आहे. हळदीतील कुरकुमिन हे रंगद्रव्य अल्कलीच्या सहवासात रंग बदलते आणि साबणाचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा अंक (७ उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली), बहुधा ९ ते १० असतो.

निरोगी चेहऱ्याचा पीएच मात्र ५ च्या आसपास असतो. डेन्मार्कचे सोरेनसेन यांनी १९०९ साली मांडलेल्या या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक, त्यामुळे ५ आणि ९ यांच्यातील अंतर दहा हजार पटींचे ठरते. त्वचेवरील या सौम्य आम्लतेला १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 'आम्ल-आवरण' असे नाव दिले. घामातील लॅक्टिक आम्ल, तेलग्रंथींच्या स्रावातून सुटणारी मेदाम्ले आणि त्वचेतील फिलॅग्रिन या प्रथिनाच्या विघटनातून तयार होणारी आम्ले मिळून ते बनते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींच्या मधल्या फटी सेरामाइडसारख्या स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. हे लिंपण तयार करणारी विकरे (एन्झाइम) आम्लतेतच नीट काम करतात, तर पेशींना जोडणारे दुवे तोडणारी विकरे पीएच वाढला की जोर धरतात. चेहरा धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते आणि पापुद्रे सुटतात, त्याचे एक कारण इथे आहे.

मग साबणच आम्लधर्मी का करत नाहीत? कारण साबण म्हणजे मेदाम्लाचे सोडियम क्षार. त्यात पुरेसे आम्ल घातले की मेदाम्ल सुटे होते आणि मळ काढण्याचा गुणच नाहीसा होतो. म्हणून '५.५ पीएच' असे छापलेली वडी खरा साबण नसते. तिच्यात सोडियम कोकोइल आयसेथिओनेटसारखे कृत्रिम क्षालक (डिटर्जंट) असते. वेष्टनावरील टीएफएमचा (एकूण मेदद्रव्याचा) आकडा पाहून साबण घेणारे पुष्कळ आहेत, पण पहिल्या प्रतीच्या साबणातील किमान ७६ टक्के टीएफएम मेदाचे प्रमाण सांगतो, पीएच नव्हे. अर्थात केवळ पीएच पाहूनही भागत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट ५.५ पीएचलाही त्वचेला झोंबू शकते.

आपल्या बेळगावकडच्या भागात यात पाण्याची भर पडते. अथणी, रायबागकडच्या कित्येक बोअरच्या जड पाण्यात फेस लवकर होत नाही, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. न्हाणीतल्या बादलीच्या आतून बोट फिरवले की जो पांढरट, चिकट थर हाताला लागतो, तोच थोडाफार नाकाच्या कडांना आणि केसांच्या मुळाशीही राहतो. फेस होईना म्हणून माणूस आणखी साबण चोळतो आणि अल्कलीचा मारा वाढतो. कृत्रिम क्षालकाचा असा साका होत नाही, म्हणून जड पाण्याच्या गावात ते घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

एकदा धुतल्यावर निरोगी त्वचा काही तासांत आपली आम्लता परत मिळवते. वारंवार धुणाऱ्यांना मात्र ती सवड मिळत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून घरी आलेल्या बाईने चेहऱ्यावरची धूळ काढलीच पाहिजे, पण त्यासाठी संध्याकाळी एकदा सौम्य फेसवॉश, इतर वेळी नुसते कोमट पाणी आणि त्यानंतर मलम पुरेसे आहे. आम्लता हवी म्हणून लिंबू चोळणे मात्र घातक आहे: त्याचा पीएच २ च्या जवळ असतो आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की चट्टे उठू शकतात.

सर्वांत जपायला हवे ते तान्ह्या बाळांना. जन्मतः त्यांच्या त्वचेचा पीएच उदासीनच्या जवळ असतो आणि तो खाली यायला काही आठवडे लागतात. तोवर साबण लावून, डाळीच्या पिठाने खसखसून न्हाऊ घालण्याऐवजी कोमट पाण्याने हलकेच पुसून घ्यावे.