बंधनातली रेघ : पार्श्वभूमी

संगणकावर आराखडे काढण्याच्या ऑटोकॅड या प्रणालीत समांतरतेचे बंधन (म्हणजे ‘या रेघा समांतरच राहतील’ ही अट) घातलेल्या दोन रेघांपैकी एक फिरवली, की दुसरीही तिच्यामागोमाग फिरते, आणि वर्षानुवर्षे सुट्या रेघा ओढलेला ड्राफ्ट्समन सुरुवातीला बिचकतो. ही सोय २००९ मध्ये बाजारात आलेल्या ‘ऑटोकॅड २०१०’ या आवृत्तीपासूनची असली, तरी तिच्यामागची कल्पना खुद्द ऑटोकॅडहून जुनी आहे.

आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधातील ‘स्केचपॅड’ ही प्रणाली टीएक्स-२ संगणकावर प्रकाशलेखणीने, म्हणजे थेट पडद्यावर टेकवायच्या लेखणीने, चालत असे. तिच्यात सुषम षट्कोन काढायचा, तर आधी ओबडधोबड सहा बाजूंची आकृती काढायची, तिचे कोपरे वर्तुळावर टेकवायचे, सर्व बाजू समान हव्यात एवढे सांगायचे आणि आकृती जुळली की वर्तुळ पुसून टाकायचे. मोजमापाचा हिशेब यंत्राकडे. माणसाने सांगायचे ते फक्त नाते.

१९८२ साली डेस्कटॉप संगणकांसाठी आलेल्या ऑटोकॅडने ड्रॉइंग बोर्डाचीच शिस्त उचलली. रेघ म्हणजे दोन टोकांचे निर्देशांक, बस्स. आधीच्या आकृतीतले नेमके बिंदू पकडणाऱ्या ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ या सोयीमुळे टोक नेमके जागी बसे, पण ते तिथे का बसवले याची नोंद कुठेच राहत नसे. माझ्या मते आजचा बिचकलेपणा याच सवयीतून आला आहे. नात्यांचा धागा दरम्यान यंत्रभागांच्या त्रिमितीय आरेखनात, विशेषतः ‘प्रो-इंजिनिअर’ या सॉफ्टवेअरमध्ये, टिकून राहिला.

बंधनांचा हिशेब साध्या आयतावर पाहता येतो. चार कोपऱ्यांचे निर्देशांक आठ; दोन बाजू आडव्या आणि दोन उभ्या ठरवल्या की त्यातले चार अंक बांधले जातात, लांबी-रुंदीने आणखी दोन आणि एक कोपरा जागी खिळवला की उरलेले दोन. आता कर्णाचे मापही बंधन म्हणून लादू पाहिले, तर ऑटोकॅड आकृती अतिबद्ध (गरजेपेक्षा जास्त बंधनांची) होत असल्याचे सांगून ते नुसते संदर्भमाप, म्हणजे आकृतीला न बांधता फक्त दाखवले जाणारे माप, म्हणून ठेवण्याचा पर्याय देते.

अशा आकृतीत बदल करायचा तर माप बदलणे हा सरळ मार्ग. ग्रिप, म्हणजे निवडलेल्या आकृतीवर दिसणारे पकडबिंदू, धरून ओढतानाही बंधने पाळली जातात. मात्र ओढता ओढता ती सैलही करता येतात, आणि नव्या स्थितीत जे बंधन टिकत नाही ते काढून टाकले जाते.