सांगणं आणि कळणं : मित्रांमधल्या सहज मतांची पार्श्वभूमी

गाणी, मालिका आणि रोजचं जगणं यांवरच्या गप्पा गेल्या दहा-एक वर्षांत मोठ्या, खुल्या समाजमाध्यमांवरून हळूहळू छोट्या ग्रुपांत सरकल्या. ‘हे ऐक’, ‘कालचा भाग पाहिलास का’, ‘आज फार कंटाळा आलाय’ असली वाक्यं आता सगळ्यांसमोर कमी लिहिली जातात, निवडक चौघांना जास्त पाठवली जातात. या बदलाचं खापर सहसा लोकांच्या लहरीवर फुटतं. पण त्यामागे काही ठरवून घेतलेले निर्णय आहेत आणि त्यांतला सर्वांत वादग्रस्त निर्णय २०११ सालचा. तिथपर्यंत पोचायला थोडं मागे जावं लागतं, फार मागे नाही.

अशा गप्पांकडे संशोधकांचं लक्ष गेलं ते निवडणुकीच्या निमित्ताने. १९४० साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात सुमारे सहाशे मतदारांच्या काही महिने पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या गेल्या. रेडिओ आणि वृत्तपत्रं लोकांचं मत कसं घडवतात, हे पाहायचं होतं. दिसलं असं की ओळखीच्या माणसांचा प्रभाव त्यांपेक्षा मोठा होता. मग १९४५ मध्ये इलिनॉय राज्यातल्या डिकेटर शहरात सुमारे आठशे बायकांना रोजच्या गोष्टींबद्दल विचारलं गेलं: घरातली खरेदी, फॅशन, सार्वजनिक प्रश्न आणि सिनेमा. १९५५ मध्ये निष्कर्ष छापून आले. कोणता सिनेमा पाहावा याबाबत तरुण, अविवाहित मुलींचा शब्द चालत होता. घरच्या खरेदीबाबत मोठ्या कुटुंबाचा गाडा हाकणाऱ्या बायकांचा. विषय बदलला की विचारायचं माणूस बदलत होतं आणि ते माणूस बहुतेक वेळा आपल्याच बरोबरीचं, रोजच्या भेटीतलं असे. पुढे या अभ्यासाचा उपयोग जाहिरातवाल्यांनी भरपूर केला. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू: सांगणारीला समोर कोण आहे हे ठाऊक असायचं, म्हणून ती नेमकं सांगू शकायची.

संगीताच्या बाबतीत १९६३ साली आलेल्या कॅसेटने ही निवड हातात धरता येईल अशी केली. एका मित्रासाठी गाणी निवडायची, क्रम लावायचा, दोन्ही बाजू भरायच्या, पाठीवर हाताने नावं लिहायची. हे मतच होतं, फक्त वाक्यांत मांडलेलं नव्हतं. १९७९ साली जपानमध्ये खिशात मावणारा कॅसेट प्लेअर बाजारात आला तेव्हा त्याच्या पहिल्या मॉडेलला हेडफोन लावायला दोन जागा होत्या, आणि एक केशरी कळ होती. ती दाबली की गाण्याचा आवाज खाली जाई आणि दोघांना आत बसवलेल्या मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलता येई. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी कंपनीच्या प्रमुखांना काळजी होती. लोकांना एकट्याने ऐकायला आवडतं हे लवकरच कळलं आणि पुढच्या मॉडेलमधून ती कळ गेली. वैयक्तिक ऐकण्याची सुरुवात मानलं जाणारं यंत्र मुळात दोघांसाठी बनवलं होतं, ही गोष्ट विसरली जाते.

टीव्हीला अशा कळीची गरजच नव्हती. सगळ्यांनी एकाच वेळी पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी बोलायचं, ही वेळ प्रक्षेपणानेच ठरवून दिलेली होती. व्हिडिओ रेकॉर्डरने ती थोडी सैल केली. कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. तरी बहुतेकांचं पाहणं फार तर एक-दोन दिवसांनी पुढे-मागे होई, गप्पा टिकून राहत.

इंटरनेटवर मित्रांना असं निवडून सांगण्याची पहिली चांगली नक्कल १९९९ मध्ये झाली. शाळेतल्या मित्रांना आपली खबरबात कळवत राहावी, एवढ्यासाठी अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने ऑनलाइन दैनंदिनीची सेवा सुरू केली. तिच्यात प्रत्येक नोंदीखाली दोन लहान रकाने असत: आत्ताचा मूड आणि आत्ता चालू असलेलं गाणं. परीक्षेचा वैताग, खोलीतल्या सोबत्याशी भांडण, कालच्या मालिकेचा शेवट, असं काहीही वर लिहायचं आणि खाली गाण्याचं नाव टाकायचं. नोंद सगळ्यांना दिसावी, फक्त मित्रांना की स्वतःपुरतीच राहावी, हेही लिहिणाराच ठरवी. गाण्याचं नाव हाताने टाकावं लागे, ते टाकायचं की रकाना रिकामा ठेवायचा हा निर्णय ज्याचा त्याचा. इतक्या साध्या रकान्याने जे जमवलं ते पुढच्या कितीतरी महागड्या यंत्रणांना जमलं नाही.

२००२ मध्ये इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून वेगळी वाट निघाली. संगणकावर वाजलेलं प्रत्येक गाणं आपोआप नोंदवायचं आणि त्या नोंदींवरून आवड ओळखायची, ही ती कल्पना. इथे लोक हौसेने आले होते. नोंद व्हावी म्हणूनच त्यांनी ते सॉफ्टवेअर बसवलं होतं, त्यामुळे वाद फारसा झाला नाही. कल्पना मात्र रुजली: माणसाने सांगण्याची वाट कशाला पाहायची, यंत्रालाच कळू द्या.

२००६ आणि २००७ ही दोन वर्षं या कल्पनेच्या कसोटीची ठरली. सप्टेंबर २००६ मध्ये तेव्हा प्रामुख्याने विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेल्या एका समाजमाध्यमाने मित्रांच्या सगळ्या हालचाली एका सलग यादीत दाखवायला सुरुवात केली. आवडत्या गाण्यांची यादी बदलली, नातं तुटलं, काहीही असो, सगळं पहिल्याच पानावर. माहिती आधीही दिसत होती, पण तिच्यासाठी त्या मित्राच्या पानावर जावं लागे. लाखो वापरकर्त्यांनी निषेध केला. काही दिवसांतच संस्थापकांनी माफी मागून नियंत्रणं दिली. यादी मात्र राहिली, आणि कालांतराने लोकांना हवीशीही झाली. या अनुभवातून कंपनीने जो धडा घेतला तो असा: लोक आधी ओरडतात, मग सवय होते.

नोव्हेंबर २००७ मध्ये तोच धडा फार पुढे ताणला गेला. ४४ भागीदार संकेतस्थळांवर कोणी काही विकत घेतलं, सिनेमाचं तिकीट काढलं किंवा सिनेमा भाड्याने आणला की मित्रांना परस्पर कळवलं जाई. एका माणसाने पत्नीसाठी घेतलेल्या अंगठीची बातमी तिला भेट मिळण्याआधीच मिळाली. डिसेंबरमध्ये पुन्हा माफी, त्यानंतर खटला, २००९ मध्ये सेवा बंद आणि ९५ लाख डॉलरची तडजोड. इथे सवय झालीच नाही.

एवढं होऊनही सप्टेंबर २०११ मध्ये तो निर्णय झाला. त्याच समाजमाध्यमाने आपल्या वार्षिक परिषदेत जाहीर केलं की आता ‘आवडलं’ या एकाच क्रियापदावर थांबायचं नाही. ‘ऐकलं’, ‘पाहिलं’, ‘वाचलं’ हीसुद्धा मित्रांपर्यंत जातील, आणि जाण्यासाठी दर वेळी काही करावं लागणार नाही. एकदा परवानगी दिली की पुढचं सगळं विनाअडथळा. पडद्याच्या उजव्या बाजूला एक सरकती पट्टी आली. अमुक मित्र अमुक गाणं ऐकतोय, हे ती चालू क्षणी सांगे. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत आलेल्या एका संगीत सेवेने नव्या सदस्यांना त्या समाजमाध्यमाचं खातं सक्तीचं केलं. तक्रारी इतक्या आल्या की काही दिवसांतच गुपचूप ऐकण्याची सोय द्यावी लागली.

समर्थकांचं म्हणणं सरळ होतं आणि ते आजही ऐकायला मिळतं. मित्र काय ऐकतात हे कळलं की नवी गाणी सापडतात. शिफारस करायचा लोकांना कंटाळा असतो, तो कंटाळा आड येऊ नये. शिवाय प्रत्यक्ष ऐकण्याची नोंद ही मिरवण्यासाठी सांगितलेल्या आवडीपेक्षा जास्त प्रामाणिक. यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे, मी तो टाळणार नाही. लोक उच्चभ्रू आवडी मिरवतात हे खरंच आहे.

पण विरोधकांचा मुद्दा मला अधिक पटतो, आणि तो केवळ खासगीपणाचा नव्हता. वाजलेलं गाणं हे मत नसतं. लहान मुलाला झोपवताना तेच गाणं दहा वेळा लागतं, मालिका सुरू ठेवून माणूस दुसऱ्या खोलीत जातो, वाईट म्हणून ऐकलेल्या सिनेमाची पंधरा मिनिटं नुसती खात्री करायला पाहिली जातात. मित्राला सांगताना आपण यातलं बहुतेक गाळतो. उरतं ते मत. ‘वेळ घालवू नकोस, पण शेवटची दहा मिनिटं पाहा’ हे कुठल्याही नोंदीत सापडणार नाही. आणि सगळंच कळायला लागलं की ऐकणाराही लक्ष देणं सोडतो. सरकत्या पट्टीवरची पन्नास गाणी आणि मित्राने आठवणीने पाठवलेलं एक गाणं यांत मित्र कुठलं ऐकेल, हे सांगायला संशोधन लागत नाही.

याच निर्णयात एक कायदेशीर गुंता होता. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या एका न्यायाधीशांनी भाड्याने आणलेल्या सिनेमांची यादी वॉशिंग्टनमधल्या एका साप्ताहिकाने छापली. दुकानातून ती सहज मिळाली होती आणि त्यात आक्षेपार्ह काहीच नव्हतं. तरी लोकप्रतिनिधींना स्वतःच्या याद्या आठवल्या असाव्यात, कारण वर्षभरात, १९८८ मध्ये, माणसाने काय पाहिलं हे त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. भरपाई किमान २,५०० डॉलर. गाण्यांना असं कवच नव्हतं. या कायद्यामुळेच २०११ मध्ये एका अमेरिकी व्हिडिओ सेवेने मित्रांना आपोआप कळवण्याची सोय कॅनडा आणि लॅटिन अमेरिकेत दिली, पण स्वतःच्या देशात देता आली नाही. कंपनीने कायदा बदलण्यासाठी जोर लावला. जानेवारी २०१३ मध्ये दुरुस्ती झाली: एकदाच घेतलेली ऑनलाइन संमती दोन वर्षांपर्यंत चालेल, ती कधीही मागे घेता येईल. दोन महिन्यांत ती सोय अमेरिकेत आली, आणि फारशी कोणी वापरली नाही. २०१४ मध्ये त्याच सेवेने तिच्याऐवजी निवडक मित्रांना खासगीत शिफारस पाठवण्याची सोय आणली.

खुद्द समाजमाध्यमाने मे २०१४ मध्ये माघार घेतली. लोक मुद्दाम पाठवलेल्या गोष्टींना आपोआप आलेल्यांपेक्षा जास्त प्रतिसाद देतात असं दिसलं, म्हणून आपोआप येणाऱ्या नोंदी कमी दाखवल्या जातील, असं त्यांनी जाहीर केलं. तीन वर्षांपूर्वी विरोधक हेच म्हणत होते. त्या वेळी त्यांना जुन्या वळणाचे ठरवलं गेलं.

तोवर इतर गोष्टीही बदलल्या होत्या. २००९ मध्ये आलेल्या ‘लाइक’च्या कळीने मत एका टिचकीवर आणलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये एका मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी प्रदर्शित झाले आणि टीव्हीने जपलेली ती सामायिक वेळ मोडली. कोण कितव्या भागावर आहे हे विचारल्याशिवाय तोंड उघडायची सोय राहिली नाही. खुल्या जागेत लिहावं तर कोणाचा तरी रसभंग होणारच. छोट्या ग्रुपमध्ये निदान विचारता येतं. लोक तिकडे वळण्याचं हे एक साधं, व्यवहारी कारण आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. काही सेवांनी नंतर पुन्हा आठवड्याला एक भाग देणं पसंत केलं, त्यात या गप्पांचाही हिशेब होता.

नोंदी मात्र संपल्या नाहीत, त्यांचं रूप पालटलं. २०१६ पासून एक मोठी संगीत सेवा डिसेंबरच्या सुमारास वर्षभराच्या ऐकण्याचा गोषवारा नव्या नावाने ज्याच्या त्याच्या हातात देते. तो कोणाला दाखवायचा, दाखवायचाच नाही, की कोणत्या गाण्याबद्दल दोन ओळी खुलासा जोडायचा, हे माणूस ठरवतो. आधार तोच आपोआप झालेल्या नोंदींचा, पण लोक तो आनंदाने वाटतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये छायाचित्रांच्या एका समाजमाध्यमाने जवळच्या मित्रांची वेगळी यादी करू दिली. २०२० मध्ये, घराबाहेर पडता येत नव्हतं तेव्हा, दूर राहून एकाच वेळी सिनेमा पाहण्याच्या आणि गाणी ऐकण्याच्या सोयी भराभर आल्या. २०२१ मध्ये दोन मित्रांच्या आवडी मिसळून एक यादी बनवण्याची सोय निघाली. दोघांनी होकार दिल्याशिवाय ती बनत नाही.

त्या संगीत सेवेत मित्राला थेट गाणं पाठवायची निरोपपेटी पूर्वी होती. वापर कमी म्हणून ती २०१७ मध्ये काढून टाकली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये काही देशांत ती परत आणली गेली. सुरुवातीला निरोप एकाच माणसाला पाठवता येत होता, ग्रुपला नाही, आणि समोरच्याने स्वीकारल्यावरच संभाषण सुरू होत होतं.