लाईटचे सेकंद प्रत्येकाचे वेगळे का?

कोड आणि सोरायसिससाठी आमच्याकडे लाईट घ्यायला येणारे बहुतेक जण विचारतात, "त्या काकूंना दीड मिनिट, मग मला चाळीसच सेकंद का?" मशीन एकच आणि पैसेही तेवढेच, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

आमच्या ट्यूबमधून 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अल्ट्राव्हायोलेट किरण निघतात. त्यांनी पेशीतल्या डीएनएचे शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटतात. उन्हातही हेच होते. पेशी चिकटलेला तुकडा कापून काढते आणि ती जागा नव्याने भरते. ही दुरुस्ती उलगडून दाखवल्याबद्दल अझीझ सांजार यांना 2015 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. बिघाड आवाक्याबाहेर गेला, तर पी53 हे जनुक पेशीला मरायला लावते. बिघडलेली पेशी वाढत राहण्यापेक्षा ते बरे. दुरुस्तीची आणि रंगाची जनुके आईवडिलांकडून येतात, पण सख्ख्या भावंडांतही ती सगळी सारखी नसतात, त्यामुळे किरण सोसण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी. म्हणून घरात कुणाला लहानपणापासून जराशा उन्हानेही फोड येत असतील, तर पहिल्याच दिवशी सांगा.

"जनुकांची तपासणी करून आणू का?" असेही काही जण विचारतात. त्या खर्चात पडू नका, त्या रिपोर्टवरून सेकंद ठरत नाहीत. लाली साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत दिसते, आणि ती पाहूनच आम्ही डोस वाढवतो. सुरुवात कमी ठेवतो ती सिटिंग वाढवायला नव्हे, त्वचा भाजू नये म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मे महिन्यात लग्नासाठी पुण्याला जाऊन तीन आठवड्यांनी परत येता आणि "नियमित चालू आहे" म्हणता, तिथे सगळे बिघडते. लाईट चालू असताना त्वचा थोडी जाड होते, रंग धरते, सोसायला शिकते. खंड पडला की ही ताकद उतरते. मग जुन्याच डोसवर उभे राहिलात, तर रात्री आग आग होते, कधी फोड येतात, आणि त्वचा शांत होईपर्यंत लाईट बंद ठेवावी लागते. दोन सिटिंग वाचवायला गेलेले लोक महिना घालवून बसतात, आणि त्यांचे हाल आम्हाला बघवत नाहीत. दोन आठवड्यांचा खंड असेल तर डोस कमी करावा लागतो, तीन आठवड्यांच्या वर गेला तर पुन्हा सुरुवातीपासून. खंड पडला म्हणून आम्ही कुणाला रागावत नाही, फक्त खरे सांगा. बावचीचे तेल लावत असाल किंवा नवीन गोळी सुरू झाली असेल, तर तेही सांगा.

बाहेरगावी जास्त दिवस राहणार असाल, तर निघण्याआधी कार्ड घेऊन या. शेवटचा डोस मिलिज्यूलमध्ये, म्हणजे किरणांच्या ऊर्जेच्या मापात, लिहून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आम्ही ट्यूबचा प्रकाश मीटरने मोजतो, म्हणून हा आकडा खात्रीने देता येतो. तिथल्या मशीनवर सेकंद वेगळे येतील, पण तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीनुसार डोस तोच पुढे चालवता येईल.