नौकेच्या खिडकीभोवतीचे लाकूड खाऱ्या पाण्याने कुजत नाही

लाकडी नौकेच्या केबिनची खिडकी गळू लागली आणि भोवतीचे लाकूड भुसभुशीत झाले की दोष समुद्राच्या पाण्याला दिला जातो. वस्तुतः लाकूड कुजवते ती बुरशी. मीठ तिच्या वाढीला मारक ठरते, तर चौकटीमागे मुरलेले पावसाचे गोडे पाणी तिला पोसते. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही, म्हणून खरी दुरुस्ती गळती थांबवण्यापासून सुरू होते.

काचेच्या कडेने बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढणे तर अपायकारकच आहे, कारण आत शिरलेले पाणी त्यामागे अडकून राहते. चौकट पूर्ण उतरवावी आणि भोवतीच्या लाकडात टोच्या दाबून पाहावा. टोक सहज रुतले, तर वरचा रंग कितीही शाबूत दिसला तरी ते लाकूड गेलेलेच समजावे. खालचे कोपरे विशेष तपासावेत, कारण तेथे फळीचे रेषांना आडवे कापलेले टोक पाणी सर्वाधिक शोषते. निरोगी लाकूड लागेपर्यंत कुजका भाग पटाशीने काढून, उरलेले पूर्ण वाळू देऊन, मगच सुक्या लाकडाचा नवा तुकडा तिरकस सांध्याने इपॉक्सीत (वाळून कडक होणाऱ्या राळेच्या गोंदात) बसवावा. कुजक्या ओल्या भागावर पातळ इपॉक्सी ओतण्याचा सोपा उपाय मला मुळीच मान्य नाही: वरचा थर कडक होतो, खालची कूज चालूच राहते. चौकट परत बसवताना सीलंट तिच्या संपूर्ण मागच्या बाजूला आणि प्रत्येक स्क्रूच्या छिद्रात भरावे.